चरित्र-अभिनेता आणि बोलीचा इतिहास : निळू फुले ह्यांच्या कारकीर्दीसंबंधी काही विचार

मराठीत 'चरित्र-अभिनेता' हा शब्द हिंदी चित्रपटसृष्टीच्या वाटेने आला आणि तो आपल्या भाषेत नीट बसला नाही. इंग्रजीतील 'कॅरेक्टर' ह्या शब्दाला स्वभाव, नाटकातील पात्र आणि नैतिक वर्तन असे निदान तीन अर्थ आहेत. हिंदीने त्यांपैकी तिसरा अर्थ देणारा 'चरित्र' हा शब्द उचलून तो पहिल्या दोहोंना लावला. मराठीत 'चरित्र' म्हणजे जीवनवृत्तांत आणि सद्वर्तनाला आपण 'चारित्र्य' म्हणतो. त्यामुळे 'चरित्र-अभिनेता' म्हणजे थोरांच्या चरित्रपटांतून काम करणारा नट, असा अर्थ एखाद्या सरळ मनाच्या विद्यार्थ्याने केल्यास त्याला दोष देता यावयाचा नाही. नाट्यव्यवसायातील जुनी मंडळी 'स्वभावभूमिका' असा शब्द योजीत. तो अधिक नेमका होता, परंतु टिकला नाही. प्रस्तुत निबंधात रूढ शब्दच वापरला आहे. नायक नसलेला, पण ज्याच्यावाचून नायकाचे जग उभे राहू शकत नाही असा नट, एवढाच अर्थ येथे अभिप्रेत आहे.

अशा नटाच्या कारकीर्दीकडे भाषेच्या अभ्यासकाने का पाहावे, हा प्रश्न रास्त आहे. नायकाची भाषा बहुधा प्रमाण असते. तो कोणत्याही गावचा असला तरी प्रेमाची आणि प्रतिज्ञेची वाक्ये पुस्तकी वळणाने बोलतो. गाव, जात, धंदा, वय आणि अधिकार ह्यांच्या खुणा ज्या उच्चारांतून व शब्दकळेतून प्रकट होतात, त्यांचा भार दुय्यम पात्रांवर पडतो. म्हणून एखाद्या समाजाने आपल्या बोलींविषयी कोणती समजूत करून घेतली होती हे पाहावयाचे असेल तर चरित्र-नटांच्या भूमिका हे एक उत्तम साधन होय. मात्र ते साधन बोलीचे नव्हे, बोलीविषयीच्या समजुतीचे आहे, हा भेद आरंभीच ध्यानात घेतला पाहिजे.

अमेरिकेतील एक उदाहरण ह्या बाबतीत उद्बोधक आहे. तेथील चित्रपट-अकादमीने साहाय्यक अभिनेत्याचे पारितोषिक १९३६ सालच्या चित्रपटांपासून सुरू केले आणि पहिलेच पारितोषिक वॉल्टर ब्रेनन ह्या नटास मिळाले. १९३८ व १९४० सालच्या चित्रपटांसाठी तेच पारितोषिक त्यास पुन्हा लाभले. पश्चिमेकडील कुरणांतला, दात पडलेला, तिरसट पण मायाळू म्हातारा ही त्याची खास भूमिका. १९४८ च्या 'रेड रिव्हर'मध्ये व १९५९ च्या 'रिओ ब्राव्हो'मध्ये तो म्हातारा दिसतो. पुढे दूरचित्रवाणीवरील एका दीर्घ मालिकेत तोच पश्चिम व्हर्जिनियातील आजोबा झाला. अमेरिकन प्रेक्षकांच्या कानांत 'खेडवळ म्हातारा' म्हणून जो आवाज बसला तो बव्हंशी ह्या माणसाचा होता. गंमत अशी की ब्रेनन हा १८९४ साली मॅसॅच्युसेट्समधील लिन ह्या गावी जन्मला. लिन हे बॉस्टनच्या शेजारचे, जोडे तयार करण्याच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले औद्योगिक शहर. पश्चिमेची बोली ही त्याची मातृबोली नव्हती. १९३२ साली एका अपघातात त्याचे दात गेले आणि तरुणपणीच त्याला म्हाताऱ्याचे तोंड मिळाले. बाकीचे त्याने ऐकून व घोटून मिळविले.

मराठीत ह्या प्रकाराशी ताडून पाहण्याजोगा नट म्हणजे निळू फुले. नीळकंठ कृष्णाजी फुले ह्यांचा जन्म १९३० साली झाला आणि ते वाढले पुण्यात. महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी ज्यांना खेड्यातला पाटील म्हणून ओळखले ते गृहस्थ शहरातले होते. वाड्यातले तर नव्हतेच. वडिलांचा लोखंडाच्या मोडीचा व भाजीचा किरकोळ व्यापार होता. निळूभाऊ तरुणपणी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. स्वतःची रोपवाटिका काढावी असा त्यांचा मानस होता, पण भांडवल नव्हते. पगार ८० रुपये, त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. ह्या १० रुपयांचा उल्लेख मी केवळ सज्जनपणाचा दाखला म्हणून करीत नाही. त्यांच्या अभिनयाची शाळा कोणती होती हे त्यावरून कळते.

सेवा दलाचे कलापथक ही स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातील एक महत्त्वाची भाषिक संस्था होती, असे म्हटल्यास काहींना ते अतिशयोक्त वाटेल. परंतु वस्तुस्थिती पाहावी. समाजवादी विचाराची शहरी व निमशहरी तरुण मुले तमाशाचा साचा घेतात, त्यातली गण-गवळण सौम्य करतात किंवा तिचे विडंबन करतात आणि वगात प्रचलित राजकारण भरतात. गावोगावच्या लोकांपुढे उभे राहावयाचे म्हणजे त्यांच्या कानाला आपले वाटेल असे बोलणे भाग होते. वसंत बापट, लीलाधर हेगडे ह्यांच्यासारख्यांनी ह्या पथकांना शब्द व सूर दिले. दादा कोंडके, राम नगरकर, निळू फुले ही मंडळी त्याच मुशीतून निघाली. १९५७ च्या निवडणुकीच्या सुमारास निळूभाऊंनी 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हे लोकनाट्य लिहिले. पु. ल. देशपांडे ह्यांच्या 'पुढारी पाहिजे'मध्ये त्यांनी केलेल्या रोंगे ह्या भूमिकेने त्यांचे नाव झाले.

लोकनाट्याच्या वगात संहिता ही आधारापुरती असे. सोंगाड्या आणि राजा ह्यांच्या बोलण्यातला बराच भाग प्रयोगागणिक, गावागणिक बदले. समोरच्या गर्दीतून प्रतिसाद आला नाही तर शब्द टाकून द्यावयाचा, आला तर तो पुढच्या गावी न्यावयाचा. अशा रीतीने शेकडो प्रयोगांनंतर नटाच्या जिभेवर जे उरते ते कोणत्याही एका गावचे नसते. साताऱ्याच्या हशाने टिकविलेला एक शब्द, सोलापूरकडून उचललेला एक हेल, पुण्याच्या मंडईत ऐकलेली एक शिवी, असे ते मिश्रण असते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत त्यास समानीकृत बोली म्हणता येईल. अनेक जवळच्या बोलींतील परस्परविरोधी वैशिष्ट्ये झडून सर्वांस समजणारी वैशिष्ट्ये मागे राहतात, असा तो प्रकार होय. 'हाय', 'न्हाई', 'व्हय', 'लई', 'कवा', 'म्होरं', 'आमास्नी', 'वेळ'च्या जागी 'येळ' आणि 'एक'च्या जागी 'येक' ही त्या समानीकृत बोलीची ठळक लक्षणे. ज्याला आपण 'चित्रपटातली ग्रामीण मराठी' म्हणतो ती हीच.

ही बोली पडद्यावर प्रथम निळू फुले ह्यांनी आणली असे मात्र नव्हे. १९४७ च्या 'जयमल्हार' व 'राम जोशी' ह्या चित्रपटांपासून तमाशाप्रधान ग्रामीण चित्रपटाची परंपरा सुरू झाली होती आणि १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'ने तिला अपूर्व लोकप्रियता मिळवून दिली होती. हे चित्रपट मुख्यतः कोल्हापूर व पुणे येथे घडत. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्यास आली. चित्रपटनिर्मितीची दोन्ही ठाणी पश्चिम महाराष्ट्रात, लेखकही तिकडचेच, आणि बाह्य चित्रणासाठी जवळचीच खेडी सोयीची. तेव्हा मराठी चित्रपटातला खेडूत कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यावर वाढलेला निघाला ह्यात कोणाचे कारस्थान शोधण्याचे कारण नाही. कलागृहाच्या शेजारची बोली ती पडद्याची बोली झाली.

शंकर पाटील हे कोल्हापूर जिल्ह्यातले कथाकार. त्यांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' ह्या लोकनाट्यात निळूभाऊंनी काम केले आणि त्यातूनच दिग्दर्शक अनंत माने ह्यांच्या 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) ह्या चित्रपटात त्यांचा प्रवेश झाला. त्यातला झेले अण्णा पाहिला म्हणजे एक गोष्ट लगेच ध्यानात येते. हा मनुष्य बोली मोठ्याने बोलत नाही. तोवर ग्रामीण पात्र म्हणजे ओरडून बोलणारे पात्र अशी रूढी होती, कारण ती बोली तमाशाच्या बोर्डावरून आली होती आणि तेथे ध्वनिक्षेपक नव्हता. निळूभाऊंनी ती खर्जात उतरविली. त्यांचा आवाज किंचित घोगरा होता. वाक्याच्या मध्यावर ते थांबत, अंत्य स्वर लांबवीत, आणि ज्या शब्दावर आघात अपेक्षित आहे तो शब्द जवळजवळ गिळून टाकीत. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला आवाज चढवावा लागत नाही, हे त्यांनी हेरले होते.

येथून पुढे जे घडले ते समजण्यासाठी चित्रपटगृहातून क्षणभर बाहेर यावे लागते. १९६० साली संयुक्त महाराष्ट्र झाला. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा व पंचायत समित्या निर्माण झाल्या आणि १ मे १९६२ पासून त्या कामास लागल्या. त्याच १९६२ साली मुलकी पाटलांची वंशपरंपरागत वतने रद्द करणारा कायदा झाला. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० सालीच उभा राहिला होता आणि त्याच्या मागोमाग पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. म्हणजे ज्या दशकात पाटील हे पद कागदावरून नाहीसे झाले, त्याच दशकाच्या अखेरीस पाटील हे पात्र पडद्यावर सर्वांत बलवान झाले. ह्यात विसंगती नाही. वतन गेले तरी वाडा राहिला, आणि वाड्यातून कारखान्याच्या अध्यक्षपदाकडे जाणारा रस्ता मोकळा झाला. निळू फुले ह्यांनी रंगविलेल्या पाटलांची मालिका कालक्रमाने पाहिली तर हे स्थित्यंतर त्यांत दिसते. आरंभीचा पाटील पागोट्यातला, बाईच्या नादी लागलेला, फजिती पावणारा आहे. पुढचा टोपीतला आहे, त्याच्या हाताशी जीप, दूरध्वनी आणि मास्तर-तलाठी-फौजदार असा लवाजमा आहे. भाषाही बदलते. 'ठराव', 'मंजुरी', 'कर्ज', 'विकास', 'सभासद' हे शब्द 'हाय-न्हाई'च्या वाक्यरचनेत येऊन बसतात. कार्यालयीन मराठीचे शब्द ग्रामीण उच्चारात ऐकू येणे ही त्या काळाची एक खूण होती आणि निळूभाऊंनी ती फार बारकाईने टिपली.

ह्या स्थित्यंतराचे उत्कट रूप म्हणजे 'सामना'. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेल ह्यांचे पहिलेच चित्रपट-दिग्दर्शन, रामदास फुटाणे ह्यांची निर्मिती. १९७५ साली हा चित्रपट बर्लिनच्या चित्रपट-महोत्सवाच्या स्पर्धेत होता. साखर कारखान्याचा सर्वसत्ताधीश हिंदूराव आणि वाट चुकून त्या गावात आलेला, दारूने खचलेला जुना स्वातंत्र्यसैनिक मास्तर ह्यांच्यातला हा झगडा. मास्तर डॉ. श्रीराम लागू ह्यांनी केला. मारुती कांबळे ह्या नाहीशा झालेल्या माणसाविषयी मास्तर विचारीत राहतो आणि त्या एकाच प्रश्नाने हिंदूरावाचे साम्राज्य आतून पोखरले जाते. भाषेच्या दृष्टीने पाहता हा दोन मराठींचा सामना आहे. मास्तराची मराठी पुस्तकांतून व प्रार्थनासभांतून आलेली, पडक्या स्थितीतही वाक्य पुरे करणारी. हिंदूरावाची अर्धवट सोडलेल्या वाक्यांची, कारण उरलेले अर्धे वाक्य भोवतालच्या लोकांनी समजून अमलात आणावयाचे असते. लागूंसारख्या वाक्यावर हुकमत असलेल्या नटापुढे निळू फुले मौनाने व हुंकाराने उभे राहतात. ह्या चित्रपटातील त्यांचे 'हं' किती प्रकारचे आहेत ह्याची नोंद आमच्या एखाद्या विद्यार्थ्याने स्वरलेखन-यंत्राच्या साहाय्याने अवश्य करावी.

आता आमच्या भागाविषयी. कामठी ही १८२१ साली कन्हान नदीच्या काठी वसविलेली इंग्रजांची छावणी. 'कॅम्प' ह्या शब्दावरून तिच्या नावाची व्युत्पत्ती लावण्याची हौस आमच्याकडे फार आहे. छावणीमुळे हिंदी, उर्दू, तेलुगू बोलणारे लोक आले, विणकर आले, पुढे विडीचा धंदा वाढला. गावाच्या बाहेर पडले की नागपुरी मराठी सुरू होते. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडी-नागपुरीची जी लक्षणे नोंदली आहेत त्यांपैकी काही आजही येथे सहज ऐकू येतात. 'मला-तुला'च्या जागी 'मले-तुले' म्हणतात. 'करतो आहे'च्या जागी 'करून राहिला' म्हणतात, आणि त्याला हिंदीच्या सान्निध्याने बळकटी आली आहे. 'ण'चा 'न' होतो. पश्चिमेकडे वऱ्हाडात गेले की 'डोळा'चा 'डोया' होतो, पूर्वेकडे झाडीपट्टीत 'ळ'चा 'र'. ह्या संपूर्ण पट्ट्यात 'आमास्नी' असे कोणी म्हणत नाही.

भाषाच नव्हे, पडद्यावरचा पाटीलही आमच्याकडचा नाही. नागपूर प्रांतात इंग्रजांनी १८६० नंतरच्या जमाबंदीत मालगुजारांना गावांचे मालकी हक्क दिले. येथील खेड्यातला सत्ताधारी तो मालगुजार. त्याची सत्ता १९५० च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून संपुष्टात आली, आणि त्या वेळी नागपूर हे मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते. ऊस, कारखाना, अध्यक्ष ही साखळी येथे नव्हती. येथे कापूस, संत्री, सावकार आणि अडत्या होता. १९६० नंतर आमचे लोक एका राज्याचे नागरिक झाले आणि त्या राज्याच्या चित्रपटांतून त्यांना 'आपले' खेडे म्हणून जे दाखविण्यात आले ते परक्या मुलुखातले होते. तरीही त्यांनी निळू फुले ह्यांना ओळखले. माझ्या मते ह्याचे कारण बोलीत नव्हे, त्या बोलीच्या वापरात होते. अर्धे वाक्य सोडून देण्याची सत्ताधीशाची रीत मालगुजाराचीही होती. शब्द निराळे, पण आज्ञार्थाच्या जागी प्रश्न टाकण्याची लकब तीच. 'काय रे, येणार ना उद्या?' ह्या प्रश्नात नकाराला जागा नसते, हे कामठीजवळच्या खेड्यातल्या शेतमजुराला कोणी शिकवावे लागत नाही.

ह्याची दुसरी बाजू मात्र तितकी सुखावह नाही. वर्गात मी पुष्कळदा विद्यार्थ्यांना सांगतो की, खेड्यातला माणूस बोलतो तसे बोलून दाखवा. घरी 'मले जाऊ दे' म्हणणारी मौदा-रामटेककडची मुले क्षणात 'न्हाई', 'व्हय', 'लई' असे बोलू लागतात. मुले खेड्यातलीच. त्यांना स्वतःची बोली 'खेड्यातली' म्हणून सुचत नाही, ती केवळ 'चुकीची' म्हणून ठाऊक असते. 'ग्रामीण' हा दर्जा पश्चिमेकडच्या बोलीला मिळाला आणि तिला त्याबरोबर एक प्रकारची प्रतिष्ठाही मिळाली. आमच्या बोलीच्या वाट्याला पडद्यावर आले ते बहुधा विनोदी नोकराचे एखादे वाक्य. ज्या नटाच्या सामर्थ्यामुळे ती पश्चिमी बोली एवढी दृढ झाली त्याच्यावर ह्याचा दोष लादणे अन्यायाचे होईल. परंतु सामर्थ्याचा हा एक परिणाम होता, हे नोंदविणे अभ्यासकाचे काम आहे.

निळू फुले ह्यांना ती एकच बोली येत होती काय? ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या तीन भूमिकांत मिळते, आणि माझ्या दृष्टीने त्यांच्या कारकीर्दीचा गाभा येथेच आहे.

पहिली भूमिका 'सखाराम बाइंडर'मधली. तेंडुलकरांचे हे नाटक कमलाकर सारंग ह्यांच्या दिग्दर्शनाखाली १९७२ साली रंगभूमीवर आले. सखाराम निळू फुले, चंपा लालन सारंग. परिनिरीक्षण मंडळाने घेतलेल्या आक्षेपांमुळे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. वादात नीतीची चर्चा फार झाली, भाषेची त्या मानाने थोडी. सखाराम हा जन्माने ब्राह्मण. लहानपणी घर सोडून पळालेला, छापखान्यात बांधणीचे काम करणारा, टाकलेल्या बायकांना आपल्या अटींवर घरात ठेवणारा. त्याची भाषा ब्राह्मणीही नव्हे आणि कुणबाऊही नव्हे. घरातून मिळालेले वळण त्याने मुद्दाम मोडून टाकलेले आहे, पण मोडलेल्या जागा दिसतात. असे बोलणे लिहिणे अवघड आणि बोलून दाखविणे त्याहून अवघड. नटाने जर पाटलाचे हेल काढले असते तर सखाराम हा नेहमीचा रानगट पुरुष झाला असता, आणि स्वच्छ प्रमाण उच्चार केले असते तर शिव्या उसन्या वाटल्या असत्या. निळूभाऊंनी ती मधली जागा पकडली. मंडळाला जे खुपले त्यात ह्या अचूकतेचाही वाटा असावा असे मला वाटते, कारण खोटी शिवी सहसा कोणाला खुपत नाही.

दुसरी भूमिका 'सिंहासन' (१९७९) मधील दिगू टिपणीस ह्या वार्ताहराची. अरुण साधू ह्यांच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' ह्या दोन कादंबऱ्यांवर हा चित्रपट आधारलेला आहे. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू त्यांचे प्रतिस्पर्धी अर्थमंत्री. दिगू ह्या दोघांच्या मध्ये हिंडणारा, सर्व ऐकणारा मनुष्य. त्याची भाषा मुंबईच्या पांढरपेशा वर्गाची आहे, तीत एकही हेल नाही. पाटलाच्या भूमिकांनी सर्वदूर झालेला नट येथे जवळजवळ श्रोत्याचे काम करतो. शेवटी सर्व ठाऊक असलेला हा मनुष्य वेड्यासारखा हसू लागतो तेव्हा शब्द संपलेले असतात. बोली ही निळूभाऊंची सवय नव्हती, ती त्यांनी हेतुपूर्वक वापरलेली सामग्री होती, ह्याला ह्याहून चांगला पुरावा नको.

तिसरी भूमिका जयवंत दळवी ह्यांच्या 'सूर्यास्त' नाटकातील अप्पाजींची. मुख्यमंत्री झालेल्या मुलाच्या राज्यात एकाकी पडलेला वृद्ध गांधीवादी. म्हणजे 'सामना'त ज्या बाजूला लागूंचा मास्तर उभा होता त्या बाजूला येथे निळू फुले उभे राहिले. ज्यांनी सत्तेचे बोलणे आयुष्यभर अभ्यासले त्यांनी सत्तेपुढे बोलणाऱ्याची भाषाही तितक्याच विश्वासाने उच्चारली. सेवा दलातल्या माळ्याला ह्या भूमिकेसाठी फार दूर जावे लागले नसावे.

हिंदी चित्रपटांतील त्यांच्या कामाविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. 'कुली' (१९८३), 'मशाल' (१९८४), 'सारांश' (१९८४) ही त्यांतली परिचित नावे. 'सारांश'मधला गजानन चित्रे हा मुंबईचा राजकारणी त्यांनी मराठी वळणाच्या हिंदीत उभा केला आणि ते हिंदी अस्सल होते. अन्यत्र हिंदीने त्यांना साच्यात बसविले. तेथे मराठी माणसाच्या अंतर्गत भेदांना स्थान नव्हते, आणि निळूभाऊंची कला तर त्या भेदांवरच उभी होती.

खलनायकाच्या भूमिकांमुळे खेड्यापाड्यांतील स्त्रिया आपल्याला पाहून तोंड फिरवीत, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. प्रत्यक्षात हा मनुष्य अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत होता. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी बाबा आढाव, लागू ह्यांच्यासमवेत त्यांनी कष्ट घेतले. त्या निधीसाठी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग नामवंत नटांच्या संचात गावोगाव झाले, त्यांतही ते होते. १९९१ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची नक्कल अधिक वाढली. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून समाजमाध्यमांपर्यंत सर्वत्र, बाईंना वाड्यावर बोलावणारे एक वाक्य त्यांच्या नावावर चालते, आणि आता मूळ चित्रपटांपेक्षा नकलेलाच लोक प्रमाण मानतात. नकलाकार घोगरा आवाज घेतो, लांबविलेला स्वर घेतो, तिरपी नजर घेतो. नकलेत अर्धे सोडलेले वाक्य मात्र नसते, कारण नकलेला टाळी हवी असते आणि टाळी पुऱ्या वाक्याला पडते. झेले अण्णा, हिंदूराव ह्यांची गोष्ट जमीन, कर्ज आणि मत ह्यांची होती. नकलेत तिच्यातले एक बाईच उरली आहे. भाषिक साच्याचे हे असे आकुंचन अन्यत्रही आढळते, परंतु एवढ्या थोड्या वर्षांत व एवढ्या मोठ्या प्रमाणावर झालेले दुसरे उदाहरण मराठीत मला आठवत नाही.

ग्रामीण चित्रपटाचे भाषिक क्षेत्र मध्यंतरी थोडे रुंदावले आहे. 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) ह्या चित्रपटात विदर्भातला कोरडवाहू शेतकरी आणि त्याची वऱ्हाडी आली. 'सैराट' (२०१६) ने करमाळ्याकडची बोली नायक-नायिकेच्या तोंडी घातली. म्हणजे जो भार बहुधा चरित्र-नटांवर असे तो येथे नायकाने उचलला. त्याच दिग्दर्शकाच्या 'झुंड' (२०२२) मध्ये नागपूरच्या झोपडपट्टीतली मुले आपल्या खऱ्या हेलात, 'बे' आणि 'पोट्टे' ह्यांसकट बोलतात. तो चित्रपट हिंदी आहे. कन्हानकाठची लकब मोठ्या पडद्यावर मोकळेपणाने ऐकू आली ती त्या भाषेतून.